घर विकायला काढताना: आवराआवर, फोटो आणि जाहिरात (खान्देशातल्या नवख्यांसाठी)

खान्देशात एकच घर सहसा दोन ठिकाणांहून बघितलं जातं. गावातले आई-वडील प्रत्यक्ष येऊन बघतात. पुण्यात, सुरतेत, नाशकात किंवा मुंबईत नोकरीला असलेला मुलगा नाहीतर जावई ते फोनवर बघतो. कर्ज बऱ्याचदा त्याच्या नावावर निघणार असतं, म्हणून होकार त्याचा लागतो. पण उंबरा ओलांडणार असतात ते त्याचे आई-वडील. फोटो बघून तो त्यांना म्हणतो, "जाऊन बघून या." ते येतात, बघतात आणि घराबाहेर पडल्या पडल्या त्याला फोन लावतात. फोटोत एक आणि समोर दुसरंच असलं, तर त्या एका फोनमध्ये व्यवहार मोडतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार भागात घरांच्या खरेदी-विक्रीच्या कामात नव्याने आलेले आणि एजंट न लावता स्वतःचं घर विकायला काढलेले, अशा दोघांनाही पुढची माहिती उपयोगी पडेल. महागडा कॅमेरा लागत नाही. नवं फर्निचर तर नकोच. दोन-तीन दिवस राबायची तयारी मात्र हवी.

आधी माहिती गोळा करा

फोटोंच्या आधी वही, पेन आणि मोजपट्टी घेऊन घरभर फिरा. प्रत्येक खोली भिंतीच्या आतल्या बाजूने मोजा. "हॉल मोठा आहे" असं सगळेच लिहितात. "हॉल 11 बाय 16" लिहिलं की वाचणारा मनात स्वतःचा सोफा ठेवून बघतो. 30 बाय 50 चा प्लॉट म्हणजे 1500 चौरस फूट, साधारण 139 चौरस मीटर. कागदावर क्षेत्र मीटरमध्ये असतं आणि बोलणं फुटांत चालतं, म्हणून दोन्ही आकडे लिहा (1 चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट). कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि बिल्टअप (भिंती धरून होणारं क्षेत्र) वेगवेगळे लिहा. बिल्टअपचा आकडा कार्पेट म्हणून सांगितला, तर तो बँकेच्या व्हॅल्युएशनच्या वेळी उघडा पडतोच.

घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते फोनमधल्या कंपासवर बघा, पण लोखंडी गेटपाशी किंवा गाडीजवळ उभं राहून नको. लोखंडाजवळ सुई भरकटते. दक्षिणमुखी घर असेल तर तसंच सांगा. ज्यांना चालत नाही ते येणार नाहीत आणि तुमची फेरी वाचेल. ज्यांना चालतं, असेही बरेच असतात.

मग पाणी. "पानी कव्हय येस?" हा प्रश्न आपल्याकडे किमतीच्याही आधी विचारला जातो. नळाला कितव्या दिवशी पाणी येतं, किती वेळ येतं, जमिनीखालची टाकी किती लिटरची, बोअर किती फूट खोल आणि मे महिन्यात तो चालतो की आटतो, हे सगळं घरमालकाकडून नीट विचारून घ्या. शेजाऱ्यांनाही विचारा, कारण घर बघायला येणारे त्यांना विचारतातच.

कागदांची फाइल त्याच दिवशी तयार करा: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवानगी, खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा), घरपट्टीची पावती, लाइट बिल. घरावर कर्ज असेल तर बँकेची बाकी किती, तेही. यातल्या एकाही कागदाचा फोटो जाहिरातीत टाकू नका. घर पसंत करून बोलणी करायला बसलेल्या माणसालाच कागद दाखवायचे.

आवराआवर: घरातून काय काढायचं

कानबाईच्या सणाआधी आपल्याकडे घराघरांत जी झाडझूड, रंगरंगोटी आणि भांडी घासणं चालतं, तेवढी मेहनत इथे पुरेशी आहे. फरक एकच. सणाला आपण घर सजवतो, विकताना ते मोकळं करायचं. भिंत दिसू द्या, फरशी दिसू द्या, खिडकी दिसू द्या.

सुरुवात कूलरपासून करा. आपल्या भागातल्या बहुतेक घरांत हॉलच्या खिडकीला लोखंडी कूलर बसवलेला असतो, कधी कधी वर्षभर. त्याने अर्धी खिडकी झाकली जाते, हॉलमध्ये अंधार होतो आणि खालच्या भिंतीवर गंजाचे ओघळ उतरतात. फोटोच्या दिवशी कूलर काढून ठेवा, काच पुसा, गंजाचा डाग घासून तेवढ्या भागावर रंगाचा हात फिरवा. तोच हॉल कितीतरी उजळ दिसतो. घर दाखवायच्या दिवशी उन्हाळा असेल तर कूलर परत बसवा आणि लोक यायच्या अर्धा तास आधी सुरू करा. 44-45 अंशांच्या उन्हातून आलेल्या माणसाला आत गारवा लागला पाहिजे.

गच्चीवर किंवा बाल्कनीत बांधलेली हिरवी नेट हा दुसरा त्रास. तिच्यातून येणाऱ्या उजेडाने पांढऱ्या भिंती, फरशी, अगदी माणसाचा चेहराही हिरवट दिसतो. फोनमध्ये नंतर रंग सुधारायला गेलं की लाकूड गुलाबी होऊन बसतं. नेट काढून फोटो घ्या. नेट बांधायचे हूक तसेच राहू द्या, ते घेणाऱ्याला उपयोगी पडतात.

धान्याच्या कोठ्यांचा विचार नीट करा. वर्षाचे गहू, ज्वारी, डाळी भरून ठेवणाऱ्या घरांत कोठ्या बेडरूममध्ये, जिन्याखाली, पॅसेजमध्ये पसरलेल्या असतात. त्या सगळ्या एका ठिकाणी आणा. शक्य असेल तर एक छोटी खोली धान्याची म्हणूनच दाखवा. शहरातली घर सजवण्याची पुस्तकं ‘सामान लपवा’ एवढंच सांगतात. पण इथे घर बघायला आलेली आई आधी हेच बघते, की वर्षाचं धान्य कुठे मावेल. नीट लावलेली कोठीघराची खोली हा विक्रीचा मुद्दा आहे.

बाकीचं भरभर उरकता येतं. दाराच्या मागे लटकलेले कपडे, फ्रिजवरचे डबे, कॅलेंडरं, माळ्यावरून डोकावणाऱ्या गोधड्या, गॅसचं रिकामं सिलेंडर, टॉयलेटमधले ब्रश, सगळं नजरेआड करा. ओट्यावर एखादा तांब्या किंवा फळांची टोपली पुरे. रावेर-यावलची केळी असतील तर छान, फोटोत त्यांचा पिवळा रंग खुलतो. पंख्याची पाती पुसा. त्यांच्यावरची धूळ माणसाला दिसत नाही, पण कॅमेऱ्यात हमखास येते. देवघर हलवू नका, फक्त स्वच्छ ठेवा. ओसरीत झोपाळा असेल तर तो राहू द्या, त्याच्यावर टाकलेली कपड्यांची घडी तेवढी उचला.

घरच्यांचे फोटो, लग्नाच्या फ्रेम, मुलांची प्रमाणपत्रं काढून ठेवा. येणाऱ्याला स्वतःचं घर डोळ्यांसमोर आणता येतं, हे एक कारण. दुसरं कारण सुरक्षिततेचं: जाहिरात अनोळखी लोकांच्या हातात जाते. कपाटाचं लॉकर, दागिने, गाडीची नंबरप्लेट, भिंतीवर चिकटवलेले फोन नंबर यांतलं काहीही फोटोत येता कामा नये.

घर रिकामं असेल तर उलटी अडचण. रिकामी खोली फोटोत लहान वाटते, कारण अंदाज घ्यायला काही नसतं. बेडरूममध्ये एक पलंग आणि हॉलमध्ये दोन खुर्च्या नि एक टीपॉय नातेवाइकांकडून आणून ठेवा. आणि बंद घराचा वास घालवा. आपल्याकडच्या उन्हात न्हाणीघराच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं, मग गटारीचा वास थेट घरात येतो. लोक घरात दोष शोधत बसतात, कारण मात्र एवढंच असतं. आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत आणि कमोडमध्ये बादलीभर पाणी ओता, खिडक्या उघड्या ठेवा.

डाग, तडे आणि ओल

आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा जड. त्यामुळे नळांवर आणि टाइल्सवर क्षारांचा पांढरा थर साचतो. नळांना व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग घासा. टाइल्सवर ॲसिड वापरायची सवय असते, पण त्याने सांधे खराब होतात आणि स्टीलचे नळ काळे पडतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

रंग पूर्ण घराला द्यायची गरज नसते. पैसे कमी असतील तर हॉल आणि पुढची भिंत एवढंच करा, फिकट रंगात. पोपटी, गडद गुलाबी भिंत फोटोत सगळ्या खोलीवर आपला रंग उधळते.

तड्यांच्या बाबतीत मात्र सरळ वागा. तापी खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया उथळ असलेल्या घरांना तडे जातात. प्लॅस्टरवरची केसासारखी बारीक रेघ पुट्टी भरून रंगवली तर त्यात गैर काही नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली, बोटाचं नख शिरेल एवढी भेग असेल तर इंजिनिअरला दाखवा आणि त्याने काय सांगितलं ते खरेदीदाराला सांगा. लोणा लागलेल्या (ओलीने क्षार फुटून पापुद्रे सुटलेल्या) भिंतीवर रंगाचा हात मारून फोटो काढणं म्हणजे एका पावसापुरती फसवणूक. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, खरेदीदाराला साध्या तपासणीत कळणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याला माहीत असेल, तर तो सांगणं विक्रेत्याचं कर्तव्य आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जळगाव-भुसावळसारख्या ठिकाणी कोणी कोणाला काय विकलं हे वर्षानुवर्षं बोललं जातं. पुढचं गिऱ्हाईक त्या बोलण्यावरूनच येतं किंवा येत नाही.

उजेड कधी पकडायचा

फोटोची निम्मी करामत वेळेत असते. पूर्वमुखी घराचा पुढचा फोटो सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान, पश्चिममुखी घराचा सूर्य मावळायच्या तासभर आधी. दक्षिणमुखीला हिवाळ्यात दिवसभर छान ऊन मिळतं.

अडचण उत्तरमुखी घराची, आणि गिऱ्हाईक सर्वांत जास्त त्यालाच. खान्देश साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत आणि सूर्य घराच्या मागे. अशा वेळी घर काळं येतं आणि आकाश पांढरं फटक. यावर दोन उपाय आहेत. एप्रिल ते ऑगस्टमध्ये सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो, तेव्हा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीवर येतं, ते पकडा. नाहीतर सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, घरातले सगळे दिवे लावून फोटो घ्या. आकाश निळं असतं, खिडक्या उजळलेल्या असतात आणि सावलीचा प्रश्नच राहत नाही.

मे महिन्यात आकाश धुळीने पांढुरकं होतं. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) मुहूर्तावर इसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम, हातात यावी असं वाटत असेल, तर बाहेरचे फोटो डिसेंबर-जानेवारीतच काढून ठेवा. आतले फोटो जाहिरातीच्या आठवड्यात काढले तरी चालतात. पितृपक्षात चौकशी मंदावते. तो पंधरवडा आवराआवर आणि फोटोंसाठी वापरा, म्हणजे दसऱ्याला जाहिरात तयार असते.

फोन कसा धरायचा

लेन्स पुसा. आपल्या धुळीत हे दर दोन खोल्यांमागे करावं लागतं. फोन आडवा धरा आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या रेघा सुरू करा. दाराची चौकट ग्रिडच्या उभ्या रेघेला समांतर आली पाहिजे. फोन पुढे किंवा मागे झुकला की भिंती पडल्यासारख्या दिसतात, आणि नवख्यांच्या फोटोंत सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच.

फोन चार-साडेचार फुटांवर धरा. स्वयंपाकघरात थोडा वर, म्हणजे ओट्याचा माथा दिसेल. दारात किंवा कोपऱ्यात उभे राहा आणि दोन भिंती, फरशी आणि खिडकी येतील असं बघा. 0.5 ची वाइड लेन्स फार मोहात पाडते. तिने दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दिसते, कडेचा पलंग ताणला जातो आणि घर बघायला आलेला माणूस दारातच म्हणतो, "फोटोत तर मोठी होती." वाइड वापरायची तर बाथरूमसारख्या अगदी अरुंद जागेपुरती. बाकी सगळीकडे 1 वर ठेवा आणि शक्य तेवढे मागे सरका.

खिडकीतून उजेड येत असेल तर स्क्रीनवर खिडकीजवळ बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. मग बोट किंचित खाली सरकवा, बाहेरचं आकाश दिसायला लागतं. एचडीआर (उजेड आणि सावली दोन्ही नीट टिपणारी कॅमेऱ्याची सोय) सुरू ठेवा. फ्लॅश नको. पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब एकाच वेळी लावू नका, एक निवडा. पंखा बंद, टीव्ही बंद, कमोडचं झाकण बंद, आणि आरशात तुम्ही दिसताय का ते बघा.

गच्चीला कंजुषी करू नका. उन्हाळ्यात रात्री अंथरूण घालायची, पापड-बिबड्या वाळत घालायची ती जागा आहे. इथल्या माणसासाठी ती एक खोलीच. चारही दिशांना एकेक फोटो, टाकी आणि जिन्याचं दार दिसेल असा एक. गल्लीचाही फोटो हवा, रस्त्याची रुंदी कळेल असा. समोर डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) किंवा विजेचा खांब असेल तर तोही येऊ द्या. ॲपने खांब पुसून टाकणं सोपं झालंय, पण तो दारासमोरून हटत नाही. रिकाम्या खोलीत संगणकाने सोफे ठेवून दाखवायचे असतील तर त्या फोटोवरच "फर्निचर काल्पनिक" असं लिहा आणि शेजारी रिकाम्या खोलीचाही फोटो द्या.

जुन्या गावठाणातलं धाब्याचं घर किंवा वाडा असेल तर पद्धत थोडी बदला. उजेड चौकातून येतो, तेव्हा चौकात उभं राहून आत नव्हे, तर आतून चौकाकडे बघत फोटो घ्या. सागवानी खांब, दिवळ्या, जुनी कडी यांचे जवळून फोटो काढा. लाकडावर ऑइल पेंट चढवू नका. धूळ झाडून जवसाच्या तेलाचा हात फिरवला की मूळ रंग वर येतो. अशा घराला घेणारे थोडे असतात, पण त्यांना नेमकं हेच बघायचं असतं.

जाहिरात

बारा ते पंधरा फोटो पुरेत. क्रम घरात शिरल्यासारखा असावा: पुढची बाजू, हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, बाथरूम, गच्ची, गल्ली. हाताने काढलेला नकाशा, मापांसह, शेवटी जोडा. बाहेरगावचा मुलगा तोच सर्वांत जास्त वेळ बघतो. दाराबाहेरून सुरू होऊन गच्चीवर संपणारा एक मिनिटाचा व्हिडिओही घ्या, हळू चालत, मागे गाणं न लावता. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबले जाऊन पुसट होतात.

मजकूर असा चालेल:

"जळगाव, पिंप्राळा परिसर. स्वतंत्र रो-हाऊस, पूर्वमुखी. प्लॉट 20 x 50 फूट (सुमारे 93 चौ. मी.). खाली हॉल 11 x 16, किचन 9 x 11, एक बेडरूम. वर दोन बेडरूम आणि गच्ची. टाकी 5000 लिटर, बोअर चालू. रस्ता 30 फूट. मागच्या बेडरूमच्या एका भिंतीला पावसाळ्यात ओल येते, किमतीत धरली आहे. बिनशेती, बांधकाम परवानगी, कर्ज नाही. बघण्याची वेळ सकाळी 8 ते 10, संध्याकाळी 5:30 नंतर."

ओलीचं वाक्य वाचून काही जण फोन करणार नाहीत. जे करतील ते ओलीचा हिशेब करूनच येतील आणि दारात उभं राहून त्यावरून भाव पाडणार नाहीत.

नव्या प्रकल्पातले फ्लॅट किंवा बंगले विकत असाल तर नियम वेगळे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प महारेराकडे (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदवावा लागतो. 1 ऑगस्ट 2023 पासून त्याच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही छापणं बंधनकारक आहे. अशा प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटलाही स्वतःची महारेरा नोंदणी लागते. व्हॉट्सॲपवरचा स्टेटस हीसुद्धा जाहिरातच समजा.

लोक बघायला येतात तेव्हा

उन्हाळ्यात दुपारी कोणालाही बोलावू नका. लोक यायच्या आधी दारं-खिडक्या उघडा, माठात पाणी भरा, बाहेरच्या ओट्यावर सडा मारा. त्या सकाळी फोडणीचा ठसका किंवा भरीताची वांगी भाजणं टाळलेलं बरं. घरमालकाला शक्यतो अंगणात बसवा. तो मागे मागे फिरला की पाहुणे मोकळेपणाने बोलत नाहीत. तुम्हीही प्रत्येक खोलीत "हा बेडरूम, हा बाथरूम" सांगत बसू नका. टाकीचं झाकण उघडून दाखवा, नळ सोडून दाखवा, गच्चीवर न्या, आणि थोडा वेळ त्यांना एकटं सोडा.

बाहेरगावचा मुलगा व्हिडिओ कॉलवर असेल तर वडिलांच्या हातातला फोन तुम्ही घेऊ नका. त्यांना हवं तिथे त्यांनाच दाखवू द्या. ते हमखास न्हाणीघराचा कोपरा आणि पायरीची उंची दाखवतात. त्यातून त्यांना नेमकं काय हवंय ते कळतं आणि पुढच्या घराचे फोटो काढताना ते तुमच्या कामी येतं.

इसारपावती झाली की त्याच दिवशी जाहिरात उतरवा. ग्रुपमध्ये "विकलं गेलं" असं टाका आणि व्हिडिओ काढून घ्या. खरेदीखतानंतर त्या खोल्यांत दुसरं कुटुंब राहायला जातं, आणि त्यांच्या बेडरूमचे फोटो इंटरनेटवर फिरत राहणं त्यांना चालणार नाही. तुमच्या कामाचे नमुने म्हणून काही फोटो ठेवायचे असतील तर नव्या मालकाची परवानगी घ्या आणि ओळख पटेल असा पुढच्या बाजूचा फोटो त्यातून वगळा.